वाचकांचे प्रश्न : मर्ज, कॉन्फ्लिक्ट आणि मधली ओळ

मुक्त-स्रोत प्रकल्पांत पहिले योगदान कसे द्यावे, याविषयी या सदरात लिहिल्यानंतर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतल्या बहुतेकांची अडचण एकच आहे: कोड लिहून होतो, तो आपल्या संगणकावर चालतोही, पण तो मोठ्या प्रकल्पाच्या मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या मुख्य प्रवाहात, मर्ज करण्याची, म्हणजे मिसळण्याची, वेळ आली आणि एकाच जागचे दोघांचे बदल आदळून कॉन्फ्लिक्ट दिसला की हात थबकतो. म्हणून यावेळचे सदर पूर्णपणे या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी एका मोठ्या मुक्त-स्रोत प्रकल्पाला नेटवर्क जोडणीविषयीची एक सुधारणा पाठवली. रिव्ह्यू होईपर्यंत तीन महिने गेले आणि आता सात फायलींमध्ये कॉन्फ्लिक्ट दिसत आहेत. मुख्य ब्रँच माझ्या ब्रँचमध्ये मर्ज करू की रिबेस करू? आणि कॉन्फ्लिक्टमध्ये माझी बाजू ठेवायची की त्यांची, हे कशावरून ठरवायचे?
(अभियांत्रिकीची अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला फारसा अवघड राहत नाही. मर्ज करताना गिट, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली, दोन्ही ब्रँचमधला प्रत्येक कमिट, म्हणजे बदलाची प्रत्येक नोंद, वाचत बसत नाही. ते साधारणपणे तीनच गोष्टी समोर ठेवते: तुमच्या ब्रँचचे टोक, त्यांच्या ब्रँचचे टोक, आणि दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या तो सामाईक पूर्वज, ज्याला मर्ज बेस म्हणतात. पूर्वजापासून एकाच बाजूने ओळ बदलली असेल तर ती बदललेली ओळ घेतली जाते. दोन्ही बाजूंनी अगदी सारखाच बदल केला असेल तर तो एकदाच घेतला जातो. आणि एकाच जागी दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील तर गिट थांबते व निर्णय माणसावर सोपवते. म्हणजे निवाडा करायला गिटला तीन कागद लागतात, पण नेहमीच्या मांडणीत ते आपल्याला त्यांतले दोनच दाखवते, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, जोडणीसाठी किती वेळ वाट पाहायची ते सांगणारी एक ओळ आहे. गगनबावड्याच्या बाजूला रेंज क्षीण असल्याने तीस सेकंदांत जोडणी होत नाही हे पाहून तुम्ही ती मुदत वाढवली. त्याच काळात मुख्य ब्रँचमध्ये दुसऱ्या कोणीतरी ही ओळ बदलली. कॉन्फ्लिक्टमध्ये तुम्हाला फक्त ‘मुदत = ६०’ आणि ‘मुदत = ३००००’ एवढेच दिसले, तर यांतली एक निवडावी असेच वाटेल. आता पूर्वजासह पाहा:

तुमची बाजू : मुदत = ६०
मधली ओळ : मुदत = ३०
त्यांची बाजू : मुदत = ३००००

मधली ओळ दिसताच प्रकार उलगडतो. तुम्ही मुदत दुप्पट केली होती. त्यांनी मुदतीला हात लावला नव्हता, तर मोजण्याचे एकक सेकंदावरून मिलिसेकंदावर नेले होते. म्हणून बरोबर उत्तर ६०००० आहे, आणि ते दोन्हीपैकी एकाही बाजूला लिहिलेले नाही. तुमची बाजू ठेवली असती तर जोडणी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तुटली असती, आणि त्यांची ठेवली असती तर तुमचे तीन महिन्यांचे काम कोणालाही न कळता नाहीसे झाले असते. ‘माझी की त्यांची’ हा प्रश्नच म्हणून चुकीचा आहे. दोघांना काय साधायचे होते ते समजून घ्यावे आणि ते दोन्ही साधेल अशी ओळ लिहावी.

ही मधली ओळ दिसण्यासाठी गिटच्या मर्ज विभागातली ‘कॉन्फ्लिक्टस्टाइल’ ही सेटिंग ‘डिफ३’ अशी करावी. गिट २.३५ पासून, म्हणजे जानेवारी २०२२ पासून, ‘झेडडिफ३’ हा पर्यायही मिळतो. त्यात दोन्ही बाजूंना सुरुवातीला आणि शेवटी सारख्याच असलेल्या ओळी कॉन्फ्लिक्टच्या बाहेर काढल्या जातात आणि वाचायचा मजकूर आखूड होतो. मर्ज अर्धवट थांबलेला असताना ‘गिट लॉग’ला ‘मर्ज’ हा पर्याय दिला, तर कॉन्फ्लिक्ट असलेल्या फायलींना हात लावणारे दोन्ही बाजूंचे कमिट तेवढे समोर येतात. त्यांचे संदेश वाचल्याशिवाय एकही कॉन्फ्लिक्ट सोडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात रात्री उशिरा चाळीसेक कॉन्फ्लिक्ट समोर आले आणि मी ‘अवर्स’ हा पर्याय वापरून सगळीकडे आपली बाजू एका झटक्यात स्वीकारली. त्यातला एक कॉन्फ्लिक्ट माझ्या सहकाऱ्याने केलेल्या सुरक्षेच्या दुरुस्तीचा होता. ती दुरुस्ती गेली, बिल्ड हिरवा राहिला, म्हणजे यंत्राच्या तपासण्या पास होत राहिल्या, आणि जवळजवळ दोन महिने कोणाच्या लक्षात आले नाही. त्या सहकाऱ्याला तेच काम पुन्हा करावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते. इथे एक भेद नीट लक्षात ठेवावा. मोठ्या एक्सने दिलेला ‘अवर्स’ हा पर्याय फक्त कॉन्फ्लिक्ट झालेल्या जागी आपली बाजू घेतो. छोट्या एसने दिलेली ‘अवर्स’ ही पद्धत मात्र दुसऱ्या बाजूचे सगळे बदल टाकून देते आणि तरीही इतिहासात ‘मर्ज झाला’ अशी नोंद करते. दिसायला एका अक्षराचा फरक आहे, परिणामात फार मोठा.

आता पहिला प्रश्न. तुमची ब्रँच तुमच्या एकटीची असेल, तिच्यावर दुसऱ्या कोणी काम उभारलेले नसेल आणि प्रकल्पाच्या नियमांत तसे म्हटले असेल, तर रिबेस करावा. म्हणजे तुमचे कमिट मुख्य ब्रँचच्या आजच्या टोकावर पुन्हा मांडले जातात आणि रिव्ह्यू करणाऱ्याला फक्त तुमचेच काम दिसते. मात्र तुमच्या ब्रँचवरून दुसऱ्या कोणी ब्रँच काढली असेल तर रिबेस टाळावा, कारण रिबेसमध्ये कमिटांची ओळखच बदलते आणि त्या व्यक्तीच्या हाती जुन्या कमिटांचा पसारा उरतो. रिबेस करताना ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ यांचे अर्थ उलटतात हेही ध्यानात ठेवावे: तिथे ‘अवर्स’ म्हणजे मुख्य ब्रँच आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचे स्वतःचे कमिट. रिबेस झाल्यावर गिट २.१९ पासून मिळणाऱ्या ‘रेंज-डिफ’ने जुनी आणि नवी मालिका शेजारी ठेवून तपासावी आणि पुश करताना, म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवताना, नुसता ‘फोर्स’ न वापरता ‘फोर्स-विथ-लीज’ वापरावा, म्हणजे मधल्या काळात कोणी तिथे काही पाठवले असेल तर ते पुसले जाणार नाही. सात फायली एका बैठकीत होत नसतील तर ‘अबॉर्ट’ करून दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बसण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात माझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मर्ज करण्याची विनंती, हिरवी होती आणि दुसऱ्या सहकाऱ्याचीही हिरवी होती. दोन्ही मर्ज झाल्या, कॉन्फ्लिक्ट एकही आला नाही, तरी मुख्य ब्रँच मोडली. दोष कोणाचा?
(सॉफ्टवेअर अभियंता, राजारामपुरी)

उत्तर : दोघांपैकी कोणाचाही नाही, दोष पद्धतीचा आहे. वरचेच उदाहरण थोडे पुढे नेऊ. एका ब्रँचमध्ये कोणी वेळ परत देणारे फंक्शन सेकंदांऐवजी मिलिसेकंद देईल असे बदलले आणि ते वापरणाऱ्या त्या वेळच्या सगळ्या जागा दुरुस्त केल्या. दुसऱ्या ब्रँचमध्ये त्याच काळात एका नव्या फाइलमध्ये तेच फंक्शन सेकंद मिळतील असे समजून वापरले गेले. दोन्ही बदल वेगवेगळ्या फायलींत आहेत, म्हणून गिटला त्यांत काहीच वावगे दिसत नाही. कंपायलरलाही दिसत नाही, कारण संख्या ती संख्याच. फक्त तो नवा कोड हजारपट वेळ वाट पाहत बसतो. अशा संघर्षाला अर्थाचा कॉन्फ्लिक्ट म्हणतात. गिट ओळी जुळवते, अर्थ जुळवत नाही, आणि तशी अपेक्षाही त्याच्याकडून करू नये.

तुमच्या दोघांच्या चाचण्या पास झाल्या त्या मुख्य ब्रँचच्या कालच्या अवस्थेवर; दोन्ही बदल एकत्र असलेली अवस्था मर्ज होईपर्यंत कोणीही तपासलेली नव्हती. यावरचा उपाय रस्ट भाषेच्या प्रकल्पाने फार लवकर अंगीकारला. तिचे जनक ग्रेडन होअर यांनी आग्रहाने मांडलेला नियम असा, की सर्व चाचण्या नेहमी पास होणारी अशी एक रिपॉझिटरी, म्हणजे कोडचे भांडार, यंत्रानेच राखावी. त्यासाठी ‘बोर्स’ नावाचा बॉट आला: तो प्रत्येक पुल रिक्वेस्ट मुख्य ब्रँचच्या त्या क्षणाच्या टोकाशी आधी जोडून पाहतो, त्या जोडलेल्या अवस्थेवर चाचण्या चालवतो, आणि त्या पास झाल्या तरच मुख्य ब्रँच पुढे सरकवतो. हीच कल्पना आता मर्ज क्यू या नावाने रुळली असून गिटहबने ती २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

तिची किंमतही सांगितली पाहिजे. चाचण्यांना दोन तास लागत असतील आणि रिक्वेस्ट एकेक करून तपासायच्या असतील, तर दिवसात बाराच मर्ज होतील. म्हणून रस्टमध्ये किरकोळ, कमी जोखमीच्या रिक्वेस्ट ‘रोलअप’ म्हणून एकत्र बांधतात आणि एकदाच तपासतात. ती मोळी पास झाली नाही तर सोडून आत शोधावे लागते. तुमच्या चाचण्या दहा-वीस मिनिटांत होत असतील तर मर्ज क्यू आजच सुरू करा. त्या चार तास चालत असतील, तर आधी चाचण्या आटोक्यात आणण्याकडे लक्ष द्या. आणि एकक बदलताना फंक्शनचे नावही बदलण्याची शिस्त ठेवा, म्हणजे जुन्या समजुतीने लिहिलेला कोड निदान बिल्डमध्ये अडकेल.

प्रश्न : आम्ही चौघे मिळून एका मुक्त-स्रोत कार्यक्रमाचा मराठी अनुवाद सांभाळतो. अनुवादाच्या पीओ फाइलमध्ये जवळपास प्रत्येक मर्जला शेकडो कॉन्फ्लिक्ट येतात, जरी आम्ही पाच-दहा वाक्येच बदललेली असली तरी. काही ठिकाणी तर दोन्ही बाजूंची ओळ अक्षरशः सारखीच दिसते. हे काय आहे?
(अनुवादक, इचलकरंजी)

उत्तर : हा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीत काम करणाऱ्या संगणक-कार्यक्रमांची बरीचशी उमेद या कंटाळवाण्या कॉन्फ्लिक्टांत खर्ची पडते.

शेकडो कॉन्फ्लिक्टांचे कारण बहुतेक वेळा अनुवादात नसतेच. पीओ फाइलमध्ये प्रत्येक वाक्याच्या वर ते मूळ कोडच्या कोणत्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर आहे, याची टीप असते. कोणी मूळ फाइलच्या डोक्यावर एक ओळ वाढवली की तिच्यातल्या सगळ्या वाक्यांचे क्रमांक सरकतात. शिवाय शीर्षभागातली साचा तयार केल्याची तारीख प्रत्येक वेळी बदलते. तुम्ही पाच वाक्ये बदलता, यंत्र पाचशे ओळी बदलते. यासाठी गेटटेक्स्टच्या, म्हणजे पीओ फायली तयार करणाऱ्या संचाच्या, साधनांना ‘ॲड-लोकेशन’ हा पर्याय ‘फाइल’ असा द्यावा, म्हणजे टिपेत फक्त फाइलचे नाव राहते, ओळ क्रमांक राहत नाही. पीओटी साचा, म्हणजे अनुवाद न भरलेली मूळ वाक्यांची फाइल, तर कधीही हाताने मर्ज करू नये. तो कोडमधून पुन्हा तयार करावा आणि मग ‘एमएसजीमर्ज’ने आपली पीओ फाइल त्याच्याशी जुळवावी. दोन पीओ फायली एकत्र करायच्याच असतील तर ‘एमएसजीकॅट’ वापरावे: ते फाइलची रचना जाणते, आणि एकाच वाक्याचे दोन वेगळे अनुवाद आढळले तर दोन्ही एकाखाली एक ठेवून त्या नोंदीवर ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायची, अशी खूण करते. वेबलेटसारखी ऑनलाइन अनुवादाची सेवा वापरत असाल, तर कोडमध्ये मोठे फेरबदल करण्यापूर्वी तिथले सगळे अनुवाद रिपॉझिटरीत आणून घ्यावेत, अनुवाद तेवढ्यापुरता कुलूपबंद करावा आणि काम झाल्यावर खुला करावा. हे चौघांनी एकमेकांना आधी कळवायला हवे.

आता सारख्याच दिसणाऱ्या दोन ओळी. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ संगणकात किमान तीन प्रकारे साठवता येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ‘ऱ’ला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक आहे, तोच ‘ऱ’ साधा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन चिन्हांनीही लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन तीच आकृती उमटवतात. डोळ्यांना तिन्ही एकच, गिटला मात्र तीन वेगळ्या ओळी. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन प्रकार एकत्र येतात, तिसरा येत नाही. म्हणून तुम्ही चौघांनी कोणत्या कीबोर्डने लिहायचे हे ठरवून घ्या, तिसरा प्रकार शोधून पहिल्यात बदलणारी एक छोटी स्क्रिप्ट कमिटच्या आधी चालेल अशी ठेवा, आणि आजवरच्या सगळ्या फायली एकदाच, स्वतंत्र कमिटमध्ये, दुसरे काहीही न बदलता प्रमाणित करून टाका.

राहता राहिले खरे कॉन्फ्लिक्ट: एकाने ‘जतन करा’ लिहिले, दुसऱ्याने ‘साठवा’. हे कोणतेही साधन सोडवणार नाही. चौघांची मिळून एक शब्दसूची रिपॉझिटरीतच ठेवा आणि असा वाद आला की निर्णय आधी शब्दसूचीत नोंदवून मगच पीओ फाइलमध्ये करा.

प्रश्न : मी चाळीस वर्षे ओतकामाचे पॅटर्न बनवण्याचे काम केले. आमच्याकडे ड्रॉइंग एका वेळी एकाच माणसाच्या हातात असे, आणि बदल झाला की जुन्यावर रद्दचा शिक्का बसे. नातू सांगतो की लिनक्समध्ये हजारो माणसे एकाच वेळी एकच कोड बदलतात. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती येऊन मिळतात तसे ते सगळे एका जागी मिळत असेल, तर पुराच्या वेळी ते आवरते कोण?
(ज्येष्ठ वाचक, उद्यमनगर)

उत्तर : आपण ज्या पद्धतीने काम केले, त्याच पद्धतीने सॉफ्टवेअरचेही काम पूर्वी चाले. १९८२ मध्ये आलेल्या आरसीएस या प्रणालीत फाइल बदलायची असेल तर तिला आधी कुलूप लावावे लागे, आणि कुलूप असेपर्यंत दुसऱ्याला ती बदलता येत नसे. लिनक्सला ते परवडणारे नव्हते. त्याचे काम काही वर्षे बिटकीपर या व्यावसायिक प्रणालीवर चालले. २००५ मध्ये तिचा मोफत वापर बंद झाल्यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात गिट लिहायला घेतले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली.

पुराविषयीचा आपला प्रश्न अगदी नेमका आहे. कर्नलची, म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्याची, एक आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांत तयार होते. त्यातले पहिले दोन आठवडे ‘मर्ज विंडो’चे, नवे काम स्वीकारले जाते ते एवढ्याच काळात. त्यानंतर पहिली आरसी, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती निघते, मग दर आठवड्याला एक, आणि या सगळ्या काळात फक्त दुरुस्त्या घेतल्या जातात. एका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल येतात, पण ते टोरवाल्ड्स यांच्या हाती एकेक करून येत नाहीत. नेटवर्किंगचे मेन्टेनर, म्हणजे तो विभाग सांभाळणारे, आधी वायरलेस, ब्लूटूथ अशा उपशाखांचे काम आपल्याकडे गोळा करतात आणि मग एकत्र प्रवाह वर पाठवतात. फाइल सिस्टिम, ग्राफिक्स, ध्वनी यांचेही तसेच. आपल्या नद्या आपापल्या खोऱ्यातले ओढे घेऊन येतात, तीच ही रचना. खोऱ्यात काय मिसळले याची जबाबदारी त्या खोऱ्याच्या मेन्टेनरची असते, आणि तो आपल्या प्रवाहावर डिजिटल सही करून पाठवतो.

पूर येण्याआधी त्याचा अंदाज घेण्याची सोयही आहे. २००८ पासून ‘लिनक्स-नेक्स्ट’ नावाचे एक झाड चालवले जाते, ज्यात पुढच्या मर्ज विंडोत येऊ घातलेले शेकडो प्रवाह कामाच्या प्रत्येक दिवशी नव्याने एकत्र करून पाहिले जातात. दोन विभागांचे काम एकमेकांवर आदळणार असेल तर ते इथे कित्येक आठवडे आधी कळते आणि त्या दोन मेन्टेनरांना बोलायला वेळ मिळतो.

एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. मुख्य ब्रँचशी कॉन्फ्लिक्ट होणार हे दिसत असले तरी खालच्या मेन्टेनरने ती ब्रँच आपल्याकडे ओढून तो मिटवून पाठवावा, अशी टोरवाल्ड्स यांची अपेक्षा नसते. कॉन्फ्लिक्ट आहे हे पत्रात स्पष्ट लिहावे, हवे तर तो कसा सोडवता येईल ते वेगळ्या ब्रँचमध्ये करून दाखवावे, पण प्रत्यक्ष मर्ज त्यांना करू द्यावा. ते सतत मर्ज करत असल्याने त्यांचा हात त्यात बसलेला आहे, आणि दोन विभाग कुठे एकमेकांत गुंतत आहेत हेही त्यांना त्यातून समजते. शिवाय विनाकारण केलेल्या उलट्या मर्जांनी इतिहास गढूळ होतो. प्रत्येक मर्जच्या संदेशात तो का केला हे लिहिलेले असावे, हा तिथला आग्रह आहे. ५.१ या आवृत्तीच्या चक्रात १,१२६ मर्ज कमिट होते, एकूण कमिटांच्या जवळपास ९ टक्के. एवढ्या जोडण्यांना कारण नोंदवलेले नसेल, तर पाच वर्षांनी एखादा दोष शोधताना कोणती जोडणी हेतुपुरस्सर होती आणि कोणती सवयीने झाली हे ओळखता येणार नाही. आपल्या पॅटर्नच्या ड्रॉइंगवर बदलाची तारीख आणि कारण कोपऱ्यातल्या तक्त्यात लिहिलेले असते, त्या तक्त्याचे काम इथे मर्जचा संदेश करतो.

प्रश्न : आम्ही एक सदोष मर्ज रिव्हर्ट केला, म्हणजे उलटवला. मूळ ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली, तर फक्त दुरुस्तीचा कमिट आला आणि आधीचे सगळे काम गायब राहिले. ते परत कसे आणावे?
(प्रोग्रॅमर, गडहिंग्लज)

उत्तर : काम गेलेले नाही. मर्ज रिव्हर्ट केल्याने मजकूर मागे जातो, इतिहास मागे जात नाही. त्या ब्रँचचे जुने कमिट आपल्याकडे पोहोचले आहेत, असेच गिटच्या दफ्तरी नोंदलेले राहते. म्हणून दुसऱ्या मर्जच्या वेळी सामाईक पूर्वज जुन्या ब्रँचच्या टोकावर धरला जातो आणि त्यानंतरचा दुरुस्तीचा कमिट तेवढा नवा ठरतो. तुम्ही आधी त्या रिव्हर्ट कमिटलाच रिव्हर्ट करायला हवे होते, म्हणजे जुने काम परत आले असते, आणि मग दुरुस्त केलेली ब्रँच मर्ज करायला हवी होती. आताही रिव्हर्टचा रिव्हर्ट करता येईल. मधल्या दुरुस्तीशी कॉन्फ्लिक्ट आले तर ते वर सांगितल्याप्रमाणे मधली ओळ पाहून सोडवा. पुढच्या वेळी मर्ज रिव्हर्ट करताना संदेशातच लिहून ठेवा की ही ब्रँच पुन्हा घेण्यापूर्वी हा रिव्हर्ट उलटवावा लागेल. सहा महिन्यांनी ते काम हाती घेणारा माणूस कदाचित दुसराच असेल.

प्रश्न : तेच तेच कॉन्फ्लिक्ट दर आठवड्याला पुन्हा सोडवावे लागतात. आणि मेन्टेनर माझे तीस कमिट ‘स्क्वॉश’ करून एकच करा म्हणतात, ते योग्य आहे का?
(विद्यार्थी, गारगोटी)

उत्तर : पहिल्यासाठी गिटमध्ये ‘रेरेरे’ नावाची सोय आहे, ती चालू केली की एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट आणि त्याचे उत्तर गिट लक्षात ठेवते आणि तोच पुन्हा आला की तेच उत्तर लावते. चुकीचे उत्तरही ते तितक्याच निष्ठेने लक्षात ठेवते, म्हणून चूक कळताच ‘रेरेरे फर्गेट’ने ती नोंद काढून टाका.

दुसऱ्याविषयी प्रकल्पागणिक मते वेगळी आहेत. एलएलव्हीएम हा कंपायलरचा प्रकल्प सरळ रेषेतला, मर्ज कमिट नसलेला इतिहास ठेवतो. लिनक्स कर्नल मर्ज जपतो. तुमच्या तीस कमिटांत ‘टायपो’, ‘पुन्हा टायपो’, ‘आता चालते’ असे संदेश असतील तर मेन्टेनरांचे म्हणणे बरोबर आहे. पण सगळ्याचा एकच गोळा करण्याचा तोटा ‘बायसेक्ट’च्या वेळी कळतो: दोष कोणत्या कमिटने आणला हे ते प्रत्येक पायरीला अर्धे कमिट बाद करून शोधते, हजार कमिटांत साधारण दहा चाचण्यांत उत्तर मिळते, आणि ते उत्तर दोन हजार ओळींचा एकच कमिट असेल तर खरा शोध तिथून सुरू होतो. म्हणून इंटरॅक्टिव्ह रिबेसने त्या तीसांचे चार-पाच अर्थपूर्ण कमिट करा, एकात फक्त नावे बदलणे, दुसऱ्यात फक्त नवे फंक्शन, अशा रीतीने. मग रिबेसला ‘एक्झेक’ हा पर्याय देऊन प्रत्येक कमिटनंतर चाचण्या चालवा, चारही जागी त्या पास होतात हे पाहा, आणि ते पुल रिक्वेस्टमध्ये लिहून मेन्टेनरांना विचारा की स्क्वॉशऐवजी हे चार असेच घेता येतील का.